चित्राखालचा आवाज

सगळं जग आवाजानं जागं होतं, आमचे नाना आवाज थांबला की जागे व्हायचे. मिक्सिंगच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून, बसल्या बसल्या ते असे घोरत की शेजारचा प्लायवूडवाला आपली करवत बंद करून चौकशीला येई. पण लग्नाच्या कॅसेटवर एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी नाना डोळे मिटलेलेच ठेवून बटणावर बोट ठेवत. जळगावात नव्या बसस्टँडमागे आमचा व्हिडिओ स्टुडिओ होता. मी कॅमेरा धरायचो, नाना आवाज लावायचे. नाना मूळचे धुळ्याकडचे. गिऱ्हाईक दारात दिसलं की नमस्काराच्या जागी म्हणत, “भाऊ, मी थकी गऊ.” म्हणून गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं थकेल नाना, म्हणजे थकलेले नाना.

त्यांचं थकणं खोटं नव्हतं. एका हंगामात त्यांनी इतकी लग्नं उरकली की जिल्ह्यात नवरे कमी पडले आणि काहींना दुसऱ्यांदा उभं राहावं लागलं, असं मी सांगत फिरायचो. नाना हसायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, “हसायला पण जोर लागतो रे.” वरात, हळद, विदाई, प्रत्येकाची गाणी ठरलेली. विदाईचं एकच रडकं गाणं त्यांनी इतक्या नवऱ्यामुलींवर घातलं होतं, की ते लागलं की नानांना भूकच लागायची. कारण विदाई संपली म्हणजे कॅसेट संपली, आणि कॅसेट संपली म्हणजे डबा.

आता तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटमध्ये माणसाचा आवाज असणं हे गबाळेपणाचं लक्षण होतं. जनरेटरची फटफट, पोरांची रडारड, आचाऱ्याच्या शिव्या, भटजींचा खोकला, हे सगळं पुसायचं आणि त्यावर गाणी भरायची. तीन तास माणसं नुसती तोंडं हलवणार. ज्याच्या कॅसेटमध्ये बोलणं ऐकू आलं, त्याच्याकडे पाहुणे म्हणत, “काम कच्चं दिसतंय.” नाना हे पुसण्यात वाघ होते. “मी खान्देशातल्या निम्म्या माणसांची बोलती बंद केलीय,” हा त्यांचा एकमेव विनोद, तोही जांभई देत केलेला.

नव्वदीच्या शेवटाला सीडी आली. जो तो बुरशी धरलेली कॅसेट घेऊन यायचा आणि म्हणायचा, “हिची चकती करून द्या.” नानांनी एक कॉम्प्युटर आणला. तो नानांपेक्षाही थकलेला. तासाभराचं लग्न पोटात घ्यायला त्याला दिवस लागायचा आणि विदाईच्या तोंडावर तो बेशुद्ध पडायचा. पहिल्या चकत्यांत चित्र आलं, आवाज नाही. पुढच्यांत आवाज आला, पण चार पावलं पुढे धावत. नवरी आधी हुंदका देई आणि मग तोंड वाकडं करी. नाना म्हणायचे, “टेप बरी होती. तिला घाई नव्हती.”

अशात भुसावळहून सुमनताई आल्या. नवरा रेल्वेत, माहेर धुळ्याकडचं, नानांच्या शेजारच्या गावातलं. लग्न आम्हीच काढलेलं, आठ-नऊ वर्षांमागे. त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावरच ठेवून बसल्या.

“नाना, आबा गेले दिवाळीत. चकती करून द्या, पण गाणी नकोत. आबांचा आवाज पाहिजे.”

“बेटा, आवाज तर...”

“फोटोत दिसतात हो ते. पण कसे हाक मारायचे, ते विसरायला लागलेय मी. परवा दिवसभर आठवून पाहिलं. नाही आलं.”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ताईंच्या वडिलांनी, आबांनी, स्वतः याच खुर्चीत बसून सांगितलेलं मला लख्ख आठवत होतं, “नाना, बठ्ठा कलकलाट काढी टाक. चांगला गाना टाक. पाव्हणासमा इज्जत राहाले पायजे.” आणि नानांनी सगळा काढून टाकला होता. ताईंना ते सांगायचं कुणी? “आठ दिवसांनी या,” एवढंच नाना म्हणाले.

नानांनी ती कॅसेट आमच्या यंत्रावर पाच वेळा ऐकली. गाणी, गाणी आणि गाणी. मग भुसावळच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतलेला भारी व्हीसीआर त्यांनी कपाटातून काढला, चित्र तरी स्वच्छ येईल म्हणून. कॅसेट घातली. गाणं नाहीच! जनरेटर फटफटत होता.

“बिघडला,” मी म्हणालो.

“गप,” नाना म्हणाले. ते ताठ बसले होते. मी त्यांना ताठ बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

भानगड अशी होती. त्या हंगामात आम्ही भाड्यानं आणलेला कॅमेरा आवाज दोन जागी लिहायचा, एकदा टेपच्या काठावर आणि एकदा चित्राच्या खाली. नानांनी पुसला तो काठावरचा. चित्राखालचा पुसला जातच नव्हता, फक्त साध्या यंत्रांना तो ऐकू येत नसे. इतकी वर्षं सगळं लग्न खाली बोलत होतं आणि वर आमची गाणी वाजत होती.

आबा मात्र चित्रात मुके. फेटा बांधून खांबासारखे उभे. त्यांचा आवाज यायचा तो चौकटीबाहेरून. “वरनमा पानी कोणी वतं रे?” “ड्रायव्हर जेवना का? त्याले बट्टी वाढा!” तीन तासांत आशीर्वाद एक नाही, सगळी पंगतच. मग विदाई आली. सुमनताई गाडीत बसत होत्या, आणि माझ्या अगदी कानाशी, माइकशी, आबांचा हलका आवाज: “भाऊ, आते इकडे नको फिराऊ. मनं तोंड नको लेऊ.” कॅमेरा खाली वळला. दोन मिनिटं पडद्यावर गाडीचं मागचं चाक आणि त्याच्यावर एका म्हाताऱ्या बापाचं रडणं. त्या चाकावरून मी किती बोलणी खाल्ली होती! कारण काय होतं ते मीच विसरलो होतो.

“नाना, हे काढून टाकू. माझं तोंड घेऊ नको, म्हणाले होते ते.”

नानांनी चाक पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, “त्यानी तोंड लेऊ नको सांगं. आवाज लेऊ नको, आसं नही सांगं.”

चकती चार वेळा फसली. पाचव्यांदा ओठ आणि आवाज जुळले. सुमनताई आल्या. वरणाला शिव्या ऐकून त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला. “असेच! असेच ओरडायचे!” मग चाक आलं. त्या पुढे सरकल्या. मला वाटलं, आता म्हणतील बंद करा. त्या म्हणाल्या, “नाना, थोडा मोठा करा.”

त्यानंतर नाना प्रत्येकाला विचारू लागले, “बोलणं राहू देऊ का?” कुणालाच नको होतं. गाणीच हवी होती, तीही नवी. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. दोन हंगामांनी नानांनी हेडफोन गुंडाळून मला दिला आणि धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. तिथेच गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

मी अजून लग्नं काढतो. गुडघे बोलतात, कॅमेरे हलके झाले. विदाईला सगळे कॅमेरेवाले गाडीच्या पुढे धावतात. मी भिंग नवरीकडे लावतो आणि माइकसकट हळूच मागे सरकून तिच्या बापाशेजारी जाऊन उभा राहतो.