चिमट्याचं लोखंड

"पुन्हा मोजून पाह्यलं काय?"

कुठलाही निकाल घेऊन गेलं की मॅडमचा हाच प्रश्न. चष्मा कपाळावर सरकवायच्या, आलेख डोळ्यांजवळ धरायच्या आणि मान वर न करता विचारायच्या. अमरावतीच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. मी त्यांची पहिली संशोधक विद्यार्थिनी. वर्गात त्यांची मराठी पुस्तकी; प्रयोगशाळेचं दार लोटलं की नांदगाव खंडेश्वरची वऱ्हाडी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, घरची बोली फक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवणारी.

मी घाई केली की म्हणायच्या, "काहून वं? काच पळून चालली काय?"

काचेच्या तुकड्यांवर आम्ही झिंक ऑक्साइडचे अतिशय पातळ थर चढवत होतो. या पदार्थात चुंबकत्व नसतं. आमच्या थरांत ते दिसलं. अगदी थोडं, पण दर मोजणीत दिसलं. लेख छापून आला. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. मॅडम आता प्रोफेसर होणार, असं सगळे म्हणू लागले.

एका दुपारी काच उचलता उचलता त्या थबकल्या. हातातल्या स्टीलच्या चिमट्याकडे बघत राहिल्या. मग एक कोरी काच घेतली, तिच्या कडा त्याच चिमट्याने धरल्या आणि ती मोजणीला पाठवली. निकाल आला. कोऱ्या काचेतही तेवढंच चुंबकत्व! चिमट्याच्या लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण काचेला लागत होते.

"लेख मांगं घ्या लागते," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, कोणाच्या लक्षात येणार आहे?" मी रडकुंडीला आले. माझा सगळा प्रबंध त्या लेखावर उभा होता.

"चिमटा माह्या हातात होता, तुह्या नाई. तुह्यं काम मी बुडू देनार नाई."

नाहीच बुडू दिलं. चुंबकीय नॅनोकणांवर त्यांनी मला पहिल्यापासून काम करायला लावलं, स्वतः शेजारी बसून. पदवी उशिरा मिळाली, पण मिळाली. लेख मागे घेतल्यामुळे त्यांचं प्रोफेसरपद मात्र हुकलं. स्टाफरूममध्ये लोक हळू आवाजात बोलत. त्या आत आल्या की गप्प होत. त्या डबा उघडून शांतपणे जेवत.

निवृत्तीनंतर त्या नांदगावला भावाकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात आजारपणात वारल्या. मी आता अकोल्याला शिकवते. कळलं तशी निघाले. शेतातून आलेले त्यांचे भाऊ ओसरीवर बसले होते. चहा झाला. त्यांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले,

"बाई, एक इचारू काय? लोकं म्हनत, ताईनं तिथं काई गफलत केली, म्हनून तिले मोठी जागा भेटली नाई. आमी तिले कधी इचारलं नाई. तिले वाईट वाटन म्हनून."

मी त्यांना सगळं सांगितलं. काच, चिमटा, लेख. ते खाली मान घालून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि घरात हाक दिली,

"सारे बाहीर या रे! या बाई ताईचं सांगून राह्यल्या."

सुना आल्या, नातवंडं आली. भिंतीला टेकून बसली.

"हं बाई," भाऊ म्हणाले, "आता साऱ्यायले सांगा."