टौरियाचं मागचं फाटक

खरं सांगा, आपल्या रांझी वस्तीमागच्या टेकडीवर, टौरियावर, सकाळी फिरायला तुम्ही जाता ते फाटकातून, की पडक्या भिंतीवरून?

लाजू नका. सगळेच भिंतीवरून जातात. सुहासिनीताई रोज बघतात. बंद फाटकासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या बसलेल्या असतात, आणि शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान श्रीपादराव, पायात बूट घालून.

फाटक ही चीज ताईंना नवी नाही. सारी नोकरी त्यांनी फॅक्टरीच्या गेटवर बायकांच्या पिशव्या तपासण्यात काढली. भोंगा झाला की बायका रांगेत यायच्या, आणि पास नसेल तर ताई सख्ख्या नणंदेलाही आत सोडायच्या नाहीत. नणंद त्या दिवाळीला फराळाला आली नाही. ताईंनी मनावर घेतलं नाही. गेट कशासाठी असतं? ज्याचा हक्क आहे तो आत, ज्याचा नाही तो बाहेर. त्यात रुसण्यासारखं काय?

तिथेच तर त्या फसल्या. टौरिया म्हणजे आपली टेकडी, सरकारी, म्हणून सगळ्यांची. काळे अजस्र खडक, सीताफळीची झुडपं आणि त्यांच्यामधून कच्ची, सपाट वाट. त्या वाटेवर मोटरसायकलवाल्यांनी धुडगूस घालायला सुरुवात केली, खडकांवर बाटल्या फुटायला लागल्या. कुणी म्हणालं पोलिसात जाऊ, कुणी म्हणालं धरून चोपू. ताई म्हणाल्या, "गेट लावा, एक माणूस बसवा. बस." आणि फॅक्टरीतच राबलेल्या अख्ख्या कॉलनीने मान डोलावली. गेटमधून आत-बाहेर करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना दुसरं काय सुचणार? ताई बायकांना घेऊन, टेकडी ज्यांच्या ताब्यात त्या सरकारी साहेबांच्या दारात ठाण मांडून बसल्या. भिंत झाली, गेट झालं. नारळ ताईंनीच फोडला.

मग पलीकडे, हमरस्त्याच्या बाजूला, मोठं गेट झालं. गाड्या लावायला जागा, फोटो काढायला बदामाच्या आकाराचं रंगीत दिल. आणि रांझीकडच्या या गेटला कुलूप लागलं. का, तर दोन्हीकडे बसवायला गार्ड नाहीत म्हणे. पायी येणाऱ्याने आता टेकडीला वळसा घालून मोठ्या गेटाशी जायचं. चालायला जाण्यासाठी ऑटो करायचा! हा हिशेब ज्याने केला, त्याला एकदा चालवूनच आणलं पाहिजे.

श्रीपादरावांना त्याआधी लकवा मारून गेला होता. डावा पाय ओढत चालतात. डॉक्टर म्हणाले होते, सपाट मातीवर रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. रांझीच्या रस्त्यावर चालून पाहिलं. एक मोटरसायकल घासून गेली आणि ते भर रस्त्यात बसकण मारून बसले. तेव्हापासून त्यांच्यासाठी टौरियाची वाट तेवढी उरली होती. ती कुलपाआड गेली, आणि पाय खरंच आखडायला लागला. तरी सकाळी उठून ताईंकडून बूट मात्र घालून घेतात.

बाकीच्यांनी भिंतीचे चार दगड पाडले आणि प्रश्न मिटवला. पोट सुटलेला विठोबासुद्धा बरोब्बर पाय टाकून पलीकडे जातो. जाता जाता वर टोमणा, "गेटवाली बाईच गेटच्या बाहेर! काय दिवस आले, बाप्पा!"

"पँट फाटंल तुझी एक दिवस," ताई म्हणतात. "मग ये, शिवून देते."

कुलूप काढा म्हणून ताईंनी खेटे घातले तेव्हा कुठे परवा साहेब जागा पाहायला आले. ताईंनी आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगितलं होतं, सकाळी गेटाशी या. सगळे हो म्हणाले. आणि सगळे आलेसुद्धा! पण साहेबांना उशीर झाला, कुलूप तर समोर दिसतच होतं, पायांना सवय लागलेली. एकेक करून सगळे भिंतीवरून आत.

साहेब जीपमधून उतरले. समोर दोन खुर्च्या, दोन म्हातारी माणसं.

"माताजी, यहाँ तो कोई आता ही नहीं।"

तेवढ्यात वरून, खडकांमागून, आपल्याच मंडळींच्या हास्यक्लबाचा आवाज आला. हा हा हा! हो हो हो!

साहेबांनी वर पाहिलं, मग पडक्या भिंतीकडे. "जो आते हैं, वो कूद के आते हैं। फिर दिक्कत क्या है?"

ताईंनी नवऱ्याच्या पायाकडे बोट दाखवलं. साहेबांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं. म्हणाले, इतवार को एक बार और देख लेंगे, कोई आया तो ठीक, नहीं तो यह गेट ईंट से बंद करवा देंगे।

जीप गेल्यावर मंडळी घाम पुसत खाली आली. ताईंच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"काहून रागवून राहिली ताई?" विठोबा म्हणाला. "टाइम होऊन गेला होता न, हसायचा. आणि गेट पण तुमचंच होय. आम्ही मागितलं होतं का?"

मान डोलावणाऱ्यांत हा पुढे होता. पण ताई खुर्चीवर बसून राहिल्या, भोंगा होऊन गेल्यावर रिकाम्या गेटवर बसायच्या तशा.

श्रीपादराव वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. बोटं नीट चालत नाहीत, गाठ सुटेना. "चल घरी," ते म्हणाले. "उद्या नको घालून देऊ."

दुसऱ्या दिवशी ताईंनी बूट घालून दिले. भांडून, जबरदस्तीने. पण त्या थकल्या आहेत, हे दिसतं. आता कुणाच्या दारात जात नाहीत, कुणाला काही म्हणत नाहीत. विठोबालासुद्धा.

म्हणून हे त्यांच्या वतीने. तुमचे गुडघे शाबूत आहेत, तुम्हाला भिंत काहीच नाही, हे कबूल. पण या रविवारी साहेब येतील तेव्हा कृपा करून उडी मारू नका. बंद फाटकासमोर, त्या दोन खुर्च्यांच्या मागे येऊन उभे राहा. जीपला उशीर झाला तरी हलू नका. हसायचंच असेल, तर तिथे उभं राहून हसा.