थपडेचा आवाज

मालिकेच्या सेटवर माझ्या मामाला सगळे ‘आरोपी’ म्हणतात. “आरोपी जेवला का रे?” अशी हाक आली की मामाच हात वर करतो. मालिका एका पोलीस कुटुंबाची. त्यातला साहेब कोठडीत संशयिताला थोबाडतो आणि घरी येऊन लेकरांना सचोटीचे धडे देतो. मार खाणारा बहुतेक वेळा मामा; कधी दाढी लावून, कधी चष्मा घालून.

थप्पड खरी नसते. साहेबाचा हात गालाजवळून जातो आणि मामा टेबलाखाली स्वतःच टाळी वाजवतो. मार खाणाऱ्यानेच आवाज काढायचा, ही तिथली रीत.

पण मामेबहीण, आमची भिंगरी, पोलिसात निवडली गेली तेव्हापासून मामाला चैन नाही. बसला की पाय हलतो. उठला की खिडकी उघडतो, पुन्हा लावतो. सोमवारी ती प्रशिक्षणाला निघणार. परवा मालिका बघताना ती म्हणाली, “बरोबर केलं साहेबांनी. असले लोक मार खाल्ल्याशिवाय तोंड उघडतात का?”

“मी काय केलं होतं गं?” मामाने विचारलं.

“तुम्ही नाही हो बाबा, तो!”

“तेच विचारतोय. त्याने काय केलं होतं?”

भिंगरीने मामीकडे बघितलं.

“चोरी असेल,” मामी म्हणाली. “तोंडावरूनच कळतंय.”

सगळे हसलो. मामा सोडून.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरणात मामाने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. साहेबाचा हात फिरला, मामाची मान वळली, आवाज नाही.

“आरोपी, टाळी कुठाय? संपावर गेलास का?” दिग्दर्शक ओरडला.

“आज नाही वाजणार.”

“राहू दे. आवाज नंतर टाकू.”

रविवारी तो भाग लागला. “साहेबाकडे बघू नकोस,” मामा भिंगरीला म्हणाला. “माझे हात बघ.”

थप्पड कडाडली. मामी दचकली. टेबलावरचे हात तसेच पडून होते.

“मग वाजलं काय?” भिंगरीने विचारलं.

“कुणीतरी मागून टाकलं.”

पडद्यावर मामा मान खाली घालून म्हणत होता, ‘सांगतो साहेब, मीच केलं.’

“काय केलं?”

“ते मला कुणी सांगितलंच नाही, बाळा. कबूल कर एवढंच सांगितलं.”

साहेब घरी पोचला, लेकरांना जवळ घेऊन सचोटीवर बोलू लागला. भिंगरी नखं कुरतडत त्याच्याकडे बघत राहिली. मामाचा पाय थांबला होता. आता तिचा हलत होता.