साक्षीला तुम्ही नको

मामांइतक्या हौसेने लोकांच्या मरणाची तयारी करणारा दुसरा माणूस लालबाग-परळात झाला नसेल, आणि ती तयारी करताना जिवंत माणसांची जेवढी झोप त्यांनी उडवली तेवढी प्रत्यक्ष यमालाही जमली नसेल. ते माझ्या बायकोचे थोरले मामा. एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. म्हणजे कोणी गेलं की मागे राहिलेली माणसं ज्या टेबलापुढे येऊन रडतात, त्या टेबलामागे ते बसत. 'बसत' हे मी आपलं सवयीने लिहिलं. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. आमच्याकडे आले की चप्पल पायात, छत्री हातात, खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखं करायचं आणि डोळे दाराकडे. चहा उभ्याने, बशीशिवाय. "बसा ना मामा," म्हटलं की म्हणत, "बसतो कसला? परळला एकाचं आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाहीये. आज तो धडधाकट आहे, तोवर जुळवतो. माणूस जातो एका मिनिटात, त्याच्या सह्या जुळायला वर्षं लागतात." आणि पायऱ्या उतरता उतरता खालून ओरडत, "तुमचं जुळतंय ना हो?" सगळ्या बिल्डिंगला कळे की माझं काहीतरी जुळत नाहीये.

माझी आणि त्यांची ओळख आमच्या लग्नातली. त्यांनी हातात एक जाडजूड पाकीट ठेवलं. आहेराची बाकीची पाकिटं मी बहिणीच्या पिशवीत टाकली. हे मात्र बोटांनी चाचपून कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि उरलेला सगळा समारंभ छातीवर हात ठेवून उभा राहिलो. फोटोंमध्ये मी प्रत्येक ठिकाणी शपथ घेतल्यासारखा दिसतो. घरी येऊन पाकीट फोडलं तर आत बँकेचे नॉमिनेशनचे फॉर्म, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या. ते फॉर्म मी खणात टाकले आणि विसरलो. पुढे कित्येक वर्षांनी बायकोला माझी एक मुदत ठेवीची पावती सापडली, तिच्यावर नॉमिनी म्हणून माझ्या कॉलेजातल्या एका मित्राचं नाव. खातं उघडायला गेलो त्या दिवशी तो बरोबर होता आणि वडापावचे पैसे त्याने दिले होते, बँकेतल्या बाईंनी "कोणाचं नाव घालू?" विचारल्यावर मला भरून आलं होतं. एवढं सगळं बायकोला समजावून सांगितलं. तिने त्या दिवशी कारल्याची भाजी केली. मामा मात्र हे ऐकून धावतच आले. "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे जावईबापू, तो नुसता किल्ली सांभाळणारा. कबूल. पण तुमच्या माघारी माझ्या भाचीने त्या किल्लीसाठी वडापाववाल्याच्या दारात उभं राहायचं?"

माणसाच्या आयुष्यातला कुठलाही टप्पा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. आमच्या मुलीचं बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या, घुगऱ्या वाटणं चाललं होतं आणि मामा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांची कुजबुज मुळात सभेत बोलल्यासारखी. "तुम्ही नवरा-बायको एकाच टॅक्सीत आहात आणि टॅक्सीला काही झालं, तर ही पोर कोणाकडे?" पाळणा थांबला. माझी आई म्हणाली, "अहो, आजच्या दिवशी तरी शुभ बोला काहीतरी." मामा म्हणाले, "शुभच बोलतोय. पोरीचं शुभ." आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला विनोद सुचला. मी म्हटलं, "दोन आज्या आहेत की, टॉस करू." आई म्हणाली, टॉस कशाला, मी आहे, सासूबाई म्हणाल्या, तुमचे गुडघे पाहता ते मीच करीन, आणि पोरगी चालायला लागेपर्यंत त्या दोघी एकमेकींशी आमच्यामार्फत बोलत होत्या.

एका स्नेह्याच्या साठीशांतीला मामांनी उत्सवमूर्तीला, अंगावरचं अभिषेकाचं पाणी टिपत असतानाच गाठलं. तो भला माणूस आनंदाच्या भरात राहतं घर त्याच दिवशी मुलाच्या नावावर करायला निघाला होता. मामा म्हणाले, "ताट द्यावं पण पाट देऊ नये, असं जुनी माणसं सांगून गेलीत. मुलगा गुणी आहे, मान्य. पण पाट तुमच्याच बुडाखाली राहू दे. मागाहून त्याला मिळेल असं लिहून ठेवा, म्हणजे तोही गुणी राहील." मुलगा शेजारीच उभा होता. आम्हाला जेवायला थांबण्याचा आग्रह झाला नाही.

एकाच ठिकाणी मी त्यांना गप्प पाहिलं, ते कोणाच्या दिवसकार्याला. तिथे सगळं जग सल्ले देत असतं आणि मामा कोपऱ्यात छत्री धरून उभे असत. चौदाव्या दिवशी सकाळी मात्र त्या घरी हजर, आणि त्या बाईला म्हणत, "चला वहिनी, बँकेत माझ्या ओळखीचा आहे एक." ओळखीचा कोणी नसे. बाईला धीर यावा म्हणून ते तसं सांगत.

मृत्युपत्राच्या बाबतीत त्यांचे स्वतःचे नियम होते. दोन साक्षीदार हवेत. एक डॉक्टर, म्हणजे करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं याचा दाखला. दुसरा करणाऱ्यापेक्षा तरुण, म्हणजे पुढे सांगायला शिल्लक राहील. आणि सगळ्यांत मोठा नियम: ज्याच्या पदरात काही पडणार आहे त्याने साक्षीला उभं राहायचं नाही, उद्या कोणी म्हणायला नको की यानेच लिहून घेतलं. यांतल्या शेवटच्या दोन्ही नियमांत चपखल बसणारा, कोणाकडूनच काही मिळण्याची शक्यता नसलेला तरुण म्हणजे मी. त्यामुळे मी त्यांचा कायमचा साक्षीदार झालो. लालबाग, परळ, करी रोड, कुठे कुठे मी सह्या केल्या असतील. आपल्या नावावर काही नाही हे इतक्या कागदांवर सिद्ध झालेला माणूस विरळाच. पण मला त्याचा अभिमान होता आणि तो साक्षीदाराचा नियम मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत असे. मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही बघायची असते, हेही सांगत असे. प्रत्यक्षात मी तो उलटा वाचायचा प्रयत्न करी आणि मामा त्यावर पेपर पसरत.

सगळ्यांत जास्त सह्या मात्र खुद्द मामांच्या मृत्युपत्रावर झाल्या, कारण ते सारखं बदलत असे. मामा एकटे. लग्न केलं नाही. धाकटी बहीण लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, तिला त्यांनी चाळीतल्या खोलीत आणलं आणि तेव्हापासून ती दोघं. तिला सगळे आक्का म्हणतात. चाळ पडली, टॉवर झाला आणि मामांना वरच्या मजल्यावर मालकीचा फ्लॅट मिळाला. तिथून मामांच्या जिवाला खरी तगमग लागली. आपल्या माघारी आक्काला त्या घरातून कोणी हलवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मी एकदा म्हटलं, तिच्याच नावावर करा ना सरळ. म्हणाले, "आणि मग सगळे तिच्या सहीसाठी रांग लावतील. तिला 'नाही' म्हणता येत नाही, जावईबापू. भाजीवाला कुजकी कोथिंबीर देतो, तरी घेते." तेव्हा आक्का असेतोवर आक्काचं आणि पुढे अमक्याचं, असं लिहायचं होतं. अडत होतं ते अमक्यापाशी. वाट पाहताना जो आक्काला घाई करणार नाही, असा अमका त्यांना हवा होता.

पहिला अमका ठाण्याचा पुतण्या. गणपतीत दर्शनाला आला आणि मोदक खात खात पावलाला पाऊल लावून त्याने हॉल मोजला. मामा म्हणाले, "आज पावलं मोजतो, उद्या दिवस मोजेल." नवा कागद. मग पुण्याची पुतणी. फार गोड मुलगी. "आक्काला आम्ही आमच्याकडेच नेऊ, इथे एवढ्या उंचावर एकटी काय करेल ती?" म्हणाली. मामा म्हणाले, "म्हणजे पाट काढला." नवा कागद. मग एक सेवाभावी संस्था. तिच्या सेक्रेटरीने फोनवर सहज आक्काचं वय विचारलं. त्या संस्थेच्या कागदाच्या वेळी माझ्याकडून घोटाळा झाला होता. पेपराखालून काही दिसतंय का पाहण्याच्या नादात मी मृत्युपत्र करणाऱ्याच्या जागी सही ठोकली. मामांनी चष्मा पुसला. "डॉक्टर, अभिनंदन करा. जावईबापूंनी माझं घर संस्थेला दिलं." आतून आक्का त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "माझ्यापायी किती कागद नासतास? मी काय कायमची रवतलंय?" मामा छत्री उचलून बाहेर पडले. आक्का म्हणाल्या, "ह्येच्या पायाक भिंगरी असा."

आम्ही दर शनिवारी दुपारी तिथे जेवायला जात असू. आक्का तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं करत, आणि जेवणानंतर माझं त्यांचं रिमोटवरून भांडण होई. त्यांना मालिका, मला क्रिकेट. सुरुवातीला त्या मला 'अहो जावईबापू' म्हणत. नवीन घरात मी मोरी समजून भिंतीतलं कपाट उघडायला लागल्यापासून त्या सरळ 'मेल्या'वर आल्या. बिल्डरने सगळी दारं एकसारखी केलेली, आणि मी दर शनिवारी, हात खरकटे, ठामपणे चालत जाऊन कपाट उघडत असे. "मेल्या, तां कपाट. मोरी ह्या बाजूक."

असाच एक शनिवार. जेवणं झाली होती, टेबलाशी डॉक्टर बसलेले, नवा कागद तयार. मी या खेपेला खास नवीन पेन आणलं होतं. मामा उभेच होते. म्हणाले, "जावईबापू, आज साक्षीला तुम्ही नको." समोरच्या फ्लॅटमधल्या मास्तरांना त्यांनी बोलावलं होतं. एका चुकीच्या सहीची एवढी शिक्षा? मला लागलं ते. मी हात धुवायला उठलो आणि रागारागाने जाऊन कपाट उघडलं.

"मेल्या, तां कपाट," आक्का म्हणाल्या.

"बघा डॉक्टर," मामा म्हणाले, "टॉवर झाल्यापासून येतोय हा गृहस्थ. अजून ह्याला घर ठाऊक नाही." डॉक्टर हसले. मास्तर हसले. बायकोही हसली, तेव्हा मात्र मी तिच्याशीही अबोला धरला.

तो अबोला परतताना लालबागच्या मिरचीच्या गल्लीपर्यंत टिकला. तिथे मसाला कांडण्याच्या खकाण्याने मी शिंकायला लागलो आणि शिंकांच्या मध्ये मध्ये म्हटलं, इतकी वर्षं सह्या केल्या, आणि आज ते मास्तर. बायको थांबली. "अरे, साक्षीला कोणाला घेत नाहीत?"

"ज्याच्या पदरात काही पड..." म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो. हमाल ओरडत होते, बाजूला व्हा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या गल्लीत सगळ्यांच्याच येतं, म्हणून बरं.

पुढच्या शनिवारी मी मामांना विचारलं, "आम्ही का पण? तुमचे सख्खे पुतणे आहेत." ते दाराशी निघायच्या तयारीत होते. परत फिरले. "घर घेणारे पुष्कळ आहेत हो. तुम्ही इतकी वर्षं येताय ते तिच्या हातचं खायला आणि तिच्याशी भांडायला. घराकडे तुम्ही एकदासुद्धा पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मोरी सापडली असती." मग त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, चप्पल काढली आणि खुर्चीत पाठ मागे टेकून बसले. जरा वेळाने डोळा लागून मान कलली. आक्कांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, पंखा कमी केला आणि त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "बसलो एकदाचो."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांची भिंगरी आता माझ्या पायाला लागली आहे. परवा भाच्याच्या लग्नात मी जाडजूड पाकीट दिलं आणि नवरदेवाने ते घाईघाईने आतल्या खिशात घातलेलं पाहून फार बरं वाटलं. ठाण्याचा पुतण्या मध्ये एकदा येऊन गेला. मी त्याला चहा दिला, उभ्यानेच.

शनिवारी आम्ही अजून जातो. मोरी कुठे आहे हे आता मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात खरकटे घेऊन मी कपाटच उघडतो. आत मामांची छत्री उभी असते. मी दार धरून थांबतो. आतून "मेल्या, तां कपाट" असं ऐकू आलं की लावून घेतो.