डावीकडची खाच

दुकानात कुणी पाऊल टाकलं की सिद्रामप्पा आधी त्याच्या हातांकडं बघत, मग तोंडाकडं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या खडखडाटात त्यांचं दुकान. पूर्वी ते गाड्यांची सीटं शिवत. पुढं पेट्यांच्या आत फोम कापून बसवायचं काम लागलं आणि तेच त्यांचं झालं. कुणाचा कॅमेरा, कुणाचं मोजमापाचं यंत्र. वस्तू जशी, तसाच फोममध्ये खड्डा. पेटी उलटी केली तरी आतली वस्तू जागची हलता कामा नये.

काम जितकं साफ, तितका माणूस संशयी. चहावाला दुधात पाणी घालतो, शेजारी नमस्कार करतो तो काहीतरी मागायलाच. बायको नीलम्मा सांगायची की देवळात घंटा वाजवून झाली की ह्यांची मान देवाकडं नाही, चपलांकडं वळते.

यंदा तर संशय घरातच येऊन बसला. सून ऋतुजा माढ्याकडची. मुलगा कारखान्यात मागावर पाळीला जायचा, त्यामुळं दुपारी सिद्रामप्पा जेवून आडवे व्हायला घरी आले की दुकानात ती बसायची. सकाळी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कापलेला फोम पेटीत बसवायचा आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, एवढंच तिचं काम. आणि तरी फोमची शीटं भराभर संपत होती. कटरच्या पात्यांचा डबा बघावा तेव्हा रिकामा. ऋतुजाचा भाऊ दिवाळीला आला होता तेव्हा दुकानात जरा जास्तच वेळ रेंगाळला होता, हे सिद्रामप्पांना आता आठवलं आणि त्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. भावाला माढ्यात दुकान थाटायचंय आणि माल जातोय आपला.

मग सापळे सुरू झाले. शीटांच्या कोपऱ्यांवर खडूच्या खुणा. पात्यांचा डबा सिद्धेश्वराच्या फोटोमागं. माढ्याहून फोन आला की सासरेबुवा दाराआड. घरात सुनेनं नव्या उशा शिवल्या होत्या, डोकं टेकवलं की मानेला टोचायच्या. चांगल्या मऊ उशा असताना हे खूळ कुठून निघालं, याचाही त्यांना संशय होता. पात्यांच्या दुकानदारावर तर होताच. हल्ली तो बोथट माल गळ्यात मारतो, कड पूर्वीसारखी सरळ उतरत नाही, असं ते येईल त्याला ऐकवत.

अशात एक दिवस सकाळी मोईन आला. हा लग्नांचं चित्रीकरण करणारा. ड्रोनची पेटी त्यानं इथूनच नेली होती, आता तशीच दुसरी हवी होती म्हणून जुनी नमुन्याला आणली होती. असं काम अख्ख्या सोलापुरात होत नाही, म्हणाला. सिद्रामप्पा खूश झाले. पेटी उघडून त्यांनी ड्रोन उचलायला डावा हात घातला आणि बोट फोमवर आपटलं.

वस्तू बाहेर काढायला बोट शिरावं म्हणून प्रत्येक खड्ड्याच्या कडेला एक खाच ठेवतात. सिद्रामप्पा डावखुरे, म्हणून त्यांची खाच कायम डावीकडं. गिऱ्हाइकं त्यावरून चेष्टा करत आणि हे कुणाचंही ऐकत नसत. या पेटीत खाच उजवीकडं होती. त्यांनी ड्रोन काढला. खड्ड्याच्या भिंती वरपासून बुडापर्यंत सरळ, कुठंही दातेरी कड नाही. काम उत्तम होतं, पण त्यांचं नव्हतं.

म्हणजे नुसता माल जात नाही, आपल्या नावावर दुसऱ्याचं काम खपतंय. उद्या कुणी विचारलं तर सिद्रामप्पा काय तोंड दाखवणार? मोईनला काही न बोलता त्यांनी वाटेला लावलं आणि ठरवून टाकलं, आज सुनेला रंगेहाथ धरायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं माढ्याला पोचवायचं. कायमचं.

दुपारी ते जेवायला म्हणून निघाले आणि मागच्या बोळातून फिरून दुकानाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. आत ऋतुजा होती आणि शेजारणीकडं जाते म्हणून सांगून गेलेली नीलम्मासुद्धा. त्यांनीच सकाळी कापलेला फोम ऋतुजानं दाराच्या उजेडात धरला होता. भिंती नागमोडी. एका कोपऱ्यात पातं रेघ सोडून दोनदा बाहेर गेलेलं. ऋतुजानं त्यांचाच कागदी फर्मा नव्या शीटवर ठेवून रेघ मारली, पातं पुढं घसरू नये म्हणून आधी कोपऱ्यांना भोकं पाडली, आणि स्वतःच्या पिशवीतलं नवं पातं लावून रेघेच्या किंचित आतून लांब ओढीनं कापत नेलं. करवतीसारखं मागं-पुढं नाही, दाब नाही. ती हे कधी शिकली? त्यांच्याकडं बघूनच शिकली असणार.

नीलम्मा बिघडलेल्या फोमचे तुकडे करत होती आणि उशीच्या खोळीत कोंबत होती.

"त्येंला कळू देऊ नगंस," ती म्हणाली. "हातातलं काम गेलं तर ह्यो माणूस बसल्या जागी संपंल."

सिद्रामप्पांनी खिडकीचा गज धरलेला आपला डावा हात बघितला. तो थरथरत होता. हिवाळ्यापासून थरथरत होता आणि त्यांनी थंडीला बोल लावला होता, मग पात्यांना, मग सुनेला. सगळ्या जगावर संशय घेतला होता, या हातावर मात्र नाही. आधी त्यांना दोघींचा राग आला. मग लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

ते पुढच्या दारानं आले, पण आधी मोठ्यांदा खाकरले. दोघींना आवराआवर करायला पुरेसा वेळ दिला. टेबलाखालून खोळ डोकावत होती, तिकडं त्यांनी बघितलं नाही. नवा कापलेला फोम उचलून त्यांनी खड्ड्याच्या भिंतीवरून अंगठा फिरवला.

"ह्यो मी सकाळी कापल्याला?"

"व्हय मामा," ऋतुजा म्हणाली.

त्यांनी खाचेत बोट घालून बघितलं. नीलम्मा पदराचं टोक चुरगाळत राहिली.

"खाच उजवीकडं पडलीया," ते म्हणाले. "डावीकडं घेत जा. मोईनच्या ध्यानात आलं न्हाय, पर दुसऱ्या कुनाच्या येईल की." त्यांनी फोटोमागचा पात्यांचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. "आन उशा बास आता. मान मोडली माजी."

ऋतुजानं मान हलवली आणि कटरला नवं पातं चढवलं.