चार इंची पन्हळ

साळवे गुरुजी गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, सुजातानं, परतूरहून केला. त्याला आता तीन आठवडे झाले. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. त्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते सांत्वनाचं नव्हतं. "माझ्याबद्दल काही बोलले का?" असं मी विचारलं… ऐंशीच्या घरातल्या माणसाला अशा वेळी स्वतःचीच पडलेली असावी, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे आणि गुरुजींबद्दल तसं लिहिणं अवघड नाही. अडचण माझी आहे.

सत्तरच्या दशकात केदारखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यात आम्ही दोघं एकाच शाळेवर मास्तर होतो. मी गावच्या जमीनवाल्या घरातला. ते बौद्ध, अंबडकडचे, बदलीवर आलेले. शाळेतल्या माठाला हात लावण्याआधी ते एकदा माझ्याकडं पाहायचे. मी "घ्या की गुरुजी" म्हणायचो आणि दिवसभर स्वतःवर खूश असायचो. आमची दोस्ती होती ती ही अशी. दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. भिंती कच्च्या विटांच्या, वर पत्रे. गावातली बाकी घरं माळवदाची, वर मातीचं धाबं, त्यामुळे साळव्यानं पत्रे टाकले हेच पुष्कळांच्या डोळ्यांत खुपलं. सुताराच्या सोयीनं छपराचा सगळा उतार मागच्या बाजूला पडला, आणि मागं माझ्या चुलत्यांचं, आबांचं, खळं आणि गुरांचा हौद. आबा लगेच हजर झाले. "मास्तर, तुमच्या पत्र्याचं पाणी आमच्या हौदात पडलं, मंग गुरं कुठं पाजायची आम्ही?" आदल्या साली दुष्काळी कामावर हेच आबा टँकरमागं हंडा घेऊन पळत होते. ते पाणी कोणी भरलं, हे तेव्हा त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. गुरुजी शांतपणे म्हणाले, "एक थेंब येणार न्हाई आबा. पन्हळ लावून समदं पाणी माझ्याच अंगणात घेतो." आबा म्हणाले, "आन् पडलं, तर पत्रे उतरवायचे. बराबर?" गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, जसं माठाकडं जाताना पाहायचे तसं. मग म्हणाले, "बराबर."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. पन्हळीतलं गावात कळत होतं ते मलाच, कारण पत्र्याचा गोठा माझा एकट्याचा होता. "भोकरदनला पत्रेवाल्याकडं दोन तऱ्हा पाहून आलो, बाळासाहेब. एक अर्धगोल, चार इंची. दुसरी पेटीवानी, आठ इंची. कोणती घेऊ?" पंचवीस फूट छप्पर, सगळा उतार एकीकडं आणि पाणी सोडायला एकच टोक. आमच्याकडचा पाऊस महिनाभर रुसून बसतो आणि अर्ध्या तासात सगळा कोसळतो. अशा पावसात चार इंची पन्हळ भरून काठावरून उसळणार, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या गोठ्याला आठ इंचीच होती. मी म्हणालो, "चार इंची बस झाली. मोठी जड होते, वाऱ्यानं उपटून पडंल. ढाळ तेवढा नीट ठेवा." ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तीच."

का असं केलं? त्याच वर्षी मुख्याध्यापकाचा चार्ज मला सोडून त्यांना मिळाला होता. मी सात वर्षांनी सीनियर. पण गुरुजींचं अक्षर चांगलं, हजेरीपट चोख, आणि पोरं त्यांच्या तासाला पळून जात नसत. मला त्यांचं घर पाडायचं नव्हतं. थोडी फजिती व्हावी, आबांनी चार शिव्या घालाव्यात, गुरुजींनी माझ्याकडं यावं, मी मध्ये पडून प्रकरण मिटवावं… एवढीच माझी इच्छा होती. ही इच्छा किती घाण आहे हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

पन्हळ महिनाभर टिकली. भुरभुर पावसात पाणी शिस्तीत गुरुजींच्या अंगणातल्या रांजणात पडायचं. त्यांनी शाळेत सगळ्यांदेखत माझे आभारही मानले. मग श्रावणात एका दुपारी आभाळ फाटलं. गुरुजी चौथीला भूगोल शिकवत होते. ते खिडकीशी आले, पाऊस पाहिला, हातातला खडू फळीवर ठेवला आणि धावत सुटले. मीही मागून गेलो. पोचलो तेव्हा आबांची माणसं शिडी लावून पत्र्यांवर चढली होती. पन्हळीच्या काठावरून पाण्याचा पडदाच्या पडदा हौदात कोसळत होता. गुरुजींच्या पत्नी, शांताबाई, वर्षाच्या सुजाताला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. गुरुजी हात जोडून म्हणत होते, "आबा, पाऊस तरी थांबू द्या. उद्या मीच उतरवून देतो." आबा माझ्याकडं वळले. "बाळू, तुझ्यादेखत शब्द दिल्ता का न्हाई यानं?"

मी काहीही बोलू शकलो असतो. चूक माझी आहे, सल्ला माझा होता, हौद मी धुऊन देतो, काहीही. मी म्हणालो, "दिल्ता."

मग भर पावसात पत्रे निघाले. दाण्याची कणगी भिजली, अंथरुणं भिजली, पोरीला पोत्याखाली झाकलं. डोक्यावर छप्पर नसलेल्या कच्च्या भिंती दोन दिवस पाणी प्याल्या आणि तिसऱ्या दिवशी बसल्या. गावात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. गुरुजींनी परतूरला बदली मागून घेतली. जाताना त्यांनी चार्जाचे कागद माझ्या हवाली केले, किल्ल्या दिल्या, आणि "येतो, बाळासाहेब," म्हणाले. पुढं दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. सुजाताच्या लग्नाला त्यांनी आग्रहानं बोलावलं. मी गेलो नाही.

गेलो ते आता, ते गेल्यावर. परतूरचं घर पक्कं, नेटकं आहे. वळचणीला आठ इंची पन्हळ आहे. दर मृगाआधी गुरुजी स्वतः शिडीवर चढून तिच्यातला पालापाचोळा काढायचे, यंदाही ऐकलं नाही, असं सुजाता सांगत होती. मी म्हणालो, "ही बराबर घेतली त्यांनी." ती म्हणाली, "तिकडची छोटी होती ना? पत्रेवाल्यानं तवाच सांगितल्तं बाबांला, ही बिलकुल पुरणार न्हाई म्हणून. आई लई भांडली, तीच सांगायची. पण बाबा म्हणले, बाळासाहेबानं सांगितलेली घेतली न्हाई तर त्यायला वाईट वाटंल. या गावात आपल्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच माणूस हाय, त्याला कशाला दुखवायचं…"

तिनंच पुढं विचारलं, "त्या दिवसाचं मात्र आई-बाबा दोघंही कधी काही सांगत नव्हते. तुम्ही बोलला असाल ना, काका, आमच्या बाजूनं?"

मी हो म्हणालो. तिला बरं वाटलेलं दिसलं. बस स्टँडपर्यंत ती सोडायला आली, मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि बस हलेपर्यंत उभी राहिली.

वर्तमानपत्राची ही पुरवणी परतूरलाही जाते. सुजाता, मी बोललो नव्हतो.