दीड मिनिटाचा थांबा

शिवकन्या हट्टी म्हणून बदनाम झाली ती रोजच्या दीड मिनिटापायी. तीर्थपुरीच्या कारभारी मास्तरांची ही मुलगी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत पाच वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. दुपारी एक वाजला की ती दारात येऊन ओरडायची, "थांबा, नोंदी बंद!" मग एक कमांड द्यायची. हातातलं अर्धवट लिखाण पुरं करून सर्व्हर नवं लिहिणं रोखून धरायचा, तेवढ्यात डिस्कची जशीच्या तशी प्रत निघायची आणि काम पुन्हा सुरू व्हायचं.

"फोटोत पोरगं हललं की एका धडाला दोन तोंडं येतात," ती नव्या माणसाला सांगायची. "तसंच आहे हे."

मॅनेजर रतनलालना हे पटत नव्हतं. "तुझ्या ह्या सावधान-विश्रामपायी बाहेर पाच ट्रक हॉर्न वाजवून राह्यलेत!"

२००६ च्या मे महिन्यात सासूच्या ऑपरेशनसाठी ती चार दिवस रजेवर गेली; तेवढे दिवस बाहेरचा एक टेक्निशियन कमांड देत होता. ती परतली त्याच सकाळी डिस्क बंद पडली. तिने नवी डिस्क बसवली, आदल्या दिवशीची प्रत तिच्यावर चढवली आणि पाहते तर बाजरीच्या बियाण्याचे अकरा लॉट गोदामाच्या यादीत पास, उगवण चाचणीच्या यादीत नापास. प्रत निघत असतानाच कुणीतरी लॉटचे निकाल भरत होतं. एका यादीत नवा निकाल पोचला होता, दुसरीत जुनाच राहिला होता; कोणत्या लॉटचा कुठला नवा, हे सांगता येत नव्हतं.

तिने कमांडची फाइल उघडली. लिहिणं रोखणारी ओळच गायब! बदलाची तारीख तिच्या रजेतली.

उगवण खोलीतल्या द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. "कोंब मी मोजले गं माय, पण कागद फेकून दिले. साहेबांनी रजिस्टर बंद केलंय ना. त्यात काही पास होते, काही नापास, आता नंबर कुठले आठवायचे?"

रतनलाल मात्र निवांत होते. "सगळे पास धर अन् पिशव्यांचे टॅग छाप. धावड्याची गाडी भरायची आहे."

"अन् रानात उगवलंच न्हाई, मंग?" शिवकन्याने विचारलं.

"मंग काय, चूक तुझी. कॉम्प्युटर तुझ्या ताब्यात आहे."

शिवकन्याची कानशिलं तापली. "ओळ काढायला कोणी सांगितलं?"

"त्या टेक्निशियनला मीच सांगितलं. बिलकुल फालतू ओळ होती."

"पेरणीचे दिवस परत येतात का साहेब? लोक तुमच्या टॅगवर विश्वास ठेवून रान तयार करतात, अन् तुम्हाला दीड मिनिट जड झालं?" तिने टॅग सोडण्याचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सगळे पास आहेत ना? मंग करा तुम्हीच सही."

रतनलालनी पेन उचललं, लॉटचे नंबर वाचले आणि पेन खाली ठेवलं.

अकराही लॉट पुन्हा ओल्या कागदात गुंडाळले गेले. सात दिवसांनी सहा नापास निघाले. धावड्याला जाणाऱ्या गाडीत त्यांतले चार भरले जाणार होते.

शाबासकीची तिला अपेक्षा नव्हतीच. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली : "ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे फेरचाचणी करावी लागली."

तिने ती उभ्यानेच वाचली, आणि लाल पेनाने तिच्याखाली ओळ काढल्याची तारीख, वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर मास्तरांच्या मुलीचं, लांबून वाचता येईल असं.

"हे काय लिहिलंस?" रतनलाल कडाडले. "काढ तो कागद!"

"लावलाय तुम्ही," ती म्हणाली, "काढा तुम्हीच."

हमालांपासून द्वारकाबाईंपर्यंत सगळे फळ्याकडे वळून पाहत होते. रतनलालना तो कागद त्यांच्यादेखत काढावा लागला.